कर्त्या माणसाचा अपमृत्यु आणि कुटुंबाचा हक्क

शेतीच्या धंद्यांत अपमृत्यूचीं निमित्तें पूर्वीं ठराविक असत. विहिरीत तोल जाणें, सर्पदंश, अंगावर वीज कोसळणें, मारक्या बैलानें शिंगावर घेणें, या गोष्टी दैवाच्या खात्यावर टाकून माणसें गप्प बसत. आणि बहुतेक प्रसंगीं तें रास्तहि असे, कारण दोष द्यावयाचा तो कोणास? परंतु शेतांत विजेचा पंप आला, बांधावरून तारा गेल्या, ट्रॅक्टर व मळणीयंत्र आलें, फवारणीचीं जालीम औषधें आलीं, तेव्हांपासून पुष्कळशा मृत्यूंच्या मागें कोणा तरी माणसाची, कंपनीची अथवा खात्याची हयगय उभी असते. वाकलेला खांब, ओंजळभर उंचीवर लोंबणारी तार, दिव्याशिवाय रस्त्यांत उभी केलेली ट्रॉली, हे कांहीं दैवाचे खेळ नव्हेत. असें असूनहि जुनी संवय सुटलेली नाहीं. घरचा कर्ता गेला म्हणजे तेराव्यापर्यंत रडावें, नशिबास बोल लावावा व मग सावकाराचें किंवा सोसायटीचें देणें कसें फिटेल या विवंचनेंत पडावें, इतकेंच अजून अनेक घरीं होतें. दुसऱ्याच्या चुकीनें माणूस मेलें तर त्याच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, ही गोष्ट ज्यांना ठाऊक असते त्यांनाहि ती कोणाकडे, किती व किती मुदतींत मागावयाची हें बहुधा ठाऊक नसतें. म्हणून या विषयाची माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा हक्क मूळचा आहे असें मात्र समजूं नये. ज्या इंग्रजी कायद्यावरून आपल्याकडील कायदा घडला, त्यांत एक चमत्कारिक नियम होता. सन १८०८ मध्यें बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्यांत एका प्रवाशानें गाडी उलटून आपली बायको दगावल्याबद्दल भरपाई मागितली. न्यायमूर्ति लॉर्ड एलेनबरो यांनीं निर्णय दिला कीं, दिवाणी न्यायालयांत मनुष्याच्या मृत्यूबद्दल नुकसानीची तक्रार करतां येत नाहीं. बायको मरेपर्यंतच्या कांहीं आठवड्यांचें नुकसान त्यास मिळालें, ती गेल्यानंतरचें नाहीं. म्हणजे एखाद्याचा पाय मोडला तर मोडणारानें पैसे द्यावे, पण जीवच घेतला तर कांहींच देऊं नये! यापेक्षां उलटा न्याय कल्पितां येणें कठीण. याच्या जोडीला दुसरी एक जुनी चाल होती. ज्या वस्तूच्या योगानें माणूस मेला ती वस्तु, मग ती गाडी असो, घोडा असो वा बैल असो, किंवा तिची किंमत, राजाच्या खजिन्यांत जमा होई. मेलेल्याच्या घरच्यांस त्यांतील कवडीहि मिळण्याचा हक्क नसे. पुढें आगगाड्या निघाल्या आणि एकेका अपघातांत अनेक माणसें मरूं लागलीं. १८४१ सालीं सॉनिंग येथील अपघातानंतर पंचांनीं इंजिन व डबे यांवर एक हजार पौंडांचा असा दंड बसविला होता. अखेर १८४६ सालीं ही चाल रद्द झाली आणि त्याच वर्षीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा होऊन, मृताच्या बायकोमुलांस भरपाई मागण्याचा हक्क प्रथम मिळाला.

आपल्या देशांत मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं धांवली व १८५५ सालीं तेराव्या क्रमांकाचा प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. मूठभर कलमांचा हा कायदा आजहि जिवंत आहे. दुसऱ्याच्या गैरकृत्यानें, हयगयीनें किंवा कर्तव्यांत कसूर झाल्यानें माणूस मेला, आणि तो वांचला असता तर त्यास स्वतःस दावा करतां आला असता, अशी स्थिति असेल तर त्याची पत्नी अथवा पति, आईबाप व मुलें यांच्याकरितां दावा करतां येतो. आईबाप या शब्दांत आजाआजी व मुलें या शब्दांत नातवंडें व सावत्र मुलेंहि धरलेलीं आहेत. तें कृत्य फौजदारी गुन्हा असलें तरी हा हक्क बुडत नाहीं; फौजदारीचा मार्ग निराळा व दिवाणीचा निराळा. फौजदारी न्यायालयांत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो, तर दिवाणीत संभवाचें पारडें कोणीकडे झुकतें एवढेंच पाहतात. सबब आरोपी सुटला म्हणून भरपाईहि सुटली असें मानूं नये. मुदत मात्र मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांची आहे. खटला संपूं द्या, मग पाहूं, असें म्हणत बसलेल्या कुटुंबाची ही मुदत हातोहात निघून जाते.

येथें एक घोटाळा दूर करणें अवश्य आहे. महाराष्ट्र सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची शेतकरी अपघात योजना पूर्वीं विम्याच्या रूपानें चाले. २०२३ सालापासून ती सरकारच सानुग्रह अनुदान म्हणून चालवितें. दहा ते पंचाहत्तर वर्षें वयाचा खातेदार शेतकरी, अथवा खातेदार नसलेला त्याच्या कुटुंबांतील एक सभासद, अपघातानें मरण पावल्यास वारसास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत करावयाचा असतो. ही मदत चांगली आहे व ती अवश्य घ्यावी. परंतु ती कोणाच्या चुकीचा मोबदला नव्हे. साप चावून मेला तरी ती मिळते व ट्रकखालीं मेला तरी तेवढीच मिळते. दोन लाख हातीं आले कीं प्रकरण संपलें, अशी समजूत आमच्या पाहण्यांत वारंवार आली आहे व ती सर्वस्वीं चुकीची आहे. मृताच्या आयुर्विम्याची रक्कम देखील अपराध्याच्या देण्यांतून वजा होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणांत ठरविलें आहे. मयतानें स्वतःच्या घामाच्या पैशांतून भरलेल्या हप्त्याचा लाभ, ज्याच्या चुकीनें तो मेला त्यानें कां घ्यावा?

आतां विजेकडे वळूं, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीनें हेंच प्रकरण सर्वांत निकडीचें आहे. तार तुटून पडली व माणूस चिकटला, कीं वीज कंपनीचें उत्तर ठरलेलें असतें : वादळ झालें, झाड पडलें, कोणी आंकडा टाकला होता. या उत्तरानें पुष्कळ माणसें नाउमेद होतात. त्यांनीं मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या प्रकरणांत २००२ सालीं झालेला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ध्यानांत ठेवावा. पावसाच्या रात्रीं एक कामगार सायकलवरून घरीं चालला होता. रस्त्यावर सांचलेल्या पाण्यांत जिवंत तार पडलेली होती. तिचा धक्का बसून तो जागींच मेला. मंडळानें सांगितलें कीं, कोणी तिऱ्हाइतानें वीज चोरण्यासाठीं ती तार ओढली होती. न्यायालयानें तें मानलें नाहीं. जो स्वभावतःच धोक्याची वस्तु बाळगतो व त्यावर धंदा करतो, त्यानें ती निसटून कोणास इजा झाल्यास भरून दिलेंच पाहिजे. आपली हयगय नव्हती हा बचाव त्यास पुरत नाहीं, असें तें तत्त्व आहे. तें १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी खटल्यावरून निघालेलें आहे. त्यांत एका गिरणीवाल्यानें आपल्या जागेंत बांधलेल्या तलावाचें पाणी शेजाऱ्याच्या खाणींत शिरलें होतें. ज्यांच्या शेतीं शेजारच्या शेततळ्याचा बांध फुटून पीक वाहून गेलें असेल, त्यांना या तत्त्वाचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

विजेच्या मृत्यूची चौकशी विद्युत निरीक्षकानें करावयाची असते. पोलिसांचा पंचनामा होतोच. पण निरीक्षकाच्या अहवालांत खांबाची स्थिति, तारेची उंची, फ्यूज उडाला कीं नाहीं, या गोष्टी येतात, व दाव्यांत त्याच बोलतात. म्हणून त्याची चौकशी झाली कीं नाहीं हें वारसांनीं स्वतः पाहावें व अहवालाची नक्कल मिळवावी. तार लोंबत असल्याबद्दल पूर्वीं लेखी तक्रार केलेली असेल तर तिची पोंच सोन्यासारखी जपावी. तोंडी सांगितलेलें लाईनमनच्या स्मरणांत राहत नाहीं.

रस्त्यावरील अपघातांकरितां मात्र निराळी वाट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याप्रमाणें जिल्ह्याच्या ठिकाणीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतें व वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळूं शकते. २०१९ च्या दुरुस्तीनें यास सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ठोकर देऊन पळालेलें वाहन सांपडलें नाहीं तरी मृताच्या वारसांस दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद त्याच तारखेपासून आहे. या कायद्याचा एक विशेष असा कीं, दावा करणारांत केवळ बायकोमुलें व आईबापच नव्हेत तर सर्व कायदेशीर प्रतिनिधि येतात. मोठ्या भावाच्या आधारावर धाकटे भाऊ शिकतात, ही आपल्याकडील एकत्र कुटुंबाची रीत १८५५ च्या विलायती धर्तीच्या यादींत बसत नव्हती. १९८७ सालीं गुजरातच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तें मान्य करून भावांचा दावा चालूं दिला.

भरपाई किती, याचा हिशेब न्यायालयांनीं आतां बऱ्याच अंशीं ठराविक केला आहे. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणांत वयाप्रमाणें गुणक ठरले : पंचविशीपर्यंत अठरा, छत्तीस ते चाळीस वर्षांस पंधरा, सेहेचाळीस ते पन्नासांस तेरा, असा तो उतरत जाऊन पासष्टीपुढें पांचावर येतो. २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणांत, स्वतःचा धंदा करणाराच्या उत्पन्नांत पुढील वाढीदाखल चाळिशीच्या आंत शेंकडा चाळीस, चाळीस ते पन्नासांत पंचवीस व पन्नास ते साठांत दहा मिळवावे असें ठरलें. उदाहरण घेऊं. अडतीस वर्षांचा एक शेतकरी गेला. त्याच्या मेहनतीचें व देखरेखीचें मोल दरमहा पंधरा हजार धरलें. वर्षाचे एक लक्ष ऐशी हजार झाले. त्यांत शेंकडा चाळीस मिळवून दोन लक्ष बावन्न हजार. मागें पत्नी, दोन मुलें व आई अशीं चार माणसें आहेत, तेव्हां त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाऊन एक लक्ष एकोणनव्वद हजार उरले. यास पंधरांनीं गुणिलें म्हणजे अठ्ठावीस लक्ष पस्तीस हजार होतात. याशिवाय अंत्यविधि, मिळकतीचें नुकसान व सहवासाचें नुकसान यांबद्दल ठराविक रकमा निराळ्या; त्यांत दर तीन वर्षांनीं शेंकडा दहा वाढ होते.

वरील उदाहरणांत आम्ही ‘उत्पन्न’ न म्हणतां ‘मेहनतीचें व देखरेखीचें मोल’ असें मुद्दाम म्हटलें आहे. विमा कंपनीचा वकील शेतकऱ्याच्या विधवेस हमखास एक प्रश्न विचारतो : जमीन कोठें गेली? ती तर तुमच्याच नांवावर आली, मग नुकसान काय झालें? या युक्तिवादांत थोडें तथ्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. २००३ सालीं हरियाणाच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेंहि सांगितलें कीं, जमीन वारसांकडे राहत असल्यामुळें नोकरदाराच्या पगारासारखें शेतीचें सारें उत्पन्न बुडालें असें धरतां येत नाहीं; परंतु ती पाहण्यासाठीं माणूस ठेवावा लागेल, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आमच्या मतें येथें खरा प्रश्न पुराव्याचा आहे. पाणी रात्रीं बाराला धरणारा, उसाची तोड मिळविण्यासाठीं कारखान्यावर खेटे घालणारा, चार म्हशींचें दूध काढून डेअरीस पोंचविणारा, असा एकच माणूस असतो. तो गेल्यावर या कामांस तीन माणसें लागतात किंवा जमीन खंडानें लावावी लागते. हें न्यायालयापुढें आंकड्यांनीं मांडलें तरच त्याचें मोल होतें. केवळ सातबाराचा उतारा दाखल करून भागत नाहीं. कारखान्याचीं ऊसबिलें, दूध संस्थेचें पुस्तक, अडत्याच्या पट्ट्या, सोसायटीचें खातें, मृत्यूनंतर ठेवलेल्या सालदाराचा करार किंवा खंडाची चिठी, हे कागद सातबाऱ्याहून अधिक बोलतात. आमचे शेतकरी अडत्याची पट्टी खिशांत घालतात व ती धुण्यांत जाते!

घरची बाई गेली तर? पुष्कळ ठिकाणीं तर दावाच केला जात नाहीं, कारण ‘तिची कमाई नव्हती’. ही समजूत न्यायालयांनीं टाकून दिलेली आहे. २००१ सालीं लता वाधवा प्रकरणांत, २०१० सालीं अरुणकुमार अग्रवाल प्रकरणांत व पुन्हां २०२१ सालीं कीर्ति प्रकरणांत गृहिणीच्या कामाचें मोल धरलेंच पाहिजे असा निर्वाळा मिळाला असून, खेड्यांतील बाई घरकामाशिवाय पेरणी, लावणी, कापणी व गुरांची निगा हींहि कामें करते याची दखल न्यायमूर्तींनीं घेतली आहे. निंदणीपासून कापूस वेंचणीपर्यंत जिच्या हातांखेरीज शेत उभें राहत नाहीं, तिच्या मृत्यूनें धन्याचें नुकसान झालें नाहीं असें म्हणणारानें एक हंगाम तिचें काम मजुरीनें करवून पाहावें.

येथवर आपण भरपाई मागणाराच्या बाजूनें बोललों. आतां जें लिहावयाचें तें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, पण तें टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ प्रसंगीं ज्याच्याकडे भरपाई मागावयाची तो शेतकरीच असतो.

रानडुकरांच्या उपद्रवानें गांजलेला शेतकरी रात्रीं कुंपणाच्या तारेंत घरगुती विजेचा प्रवाह सोडतो आणि पहांटे त्या तारेशीं शेजाऱ्याचा मुलगा किंवा पाणी धरावयास निघालेला सालदार मरून पडलेला सांपडतो. अशा बातम्या विदर्भांतून व इतर भागांतून येतच असतात. डुकरांचा त्रास खरा आहे, पण कायद्यांत त्याची सबब चालत नाहीं. फौजदारी जबाबदारी तर आहेच. शिवाय वीज कंपनीस लागू होणारें तेंच कठोर तत्त्व कुंपणवाल्याविरुद्ध पुढें करतां येतें, आणि त्याच्यामागें कोणतीहि विमा कंपनी उभी नसते. हुकूमनाम्याच्या बजावणींत शेतकऱ्याचीं औतें, जरुरीचीं गुरें, बीं व राहतें घर यांस दिवाणी कायद्याचें संरक्षण आहे. जमिनीस तसें नाहीं. क्षणभर झटका देऊन थांबणारें कमी शक्तीचें सौर कुंपण बाजारांत मिळतें. तें महाग वाटल्यास हा हिशेब करून पाहावा.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतकामापुरता उतरलेला असतो. ट्रॉलींत बसणाऱ्या माणसांचा तो नसतो. २००४ सालीं ट्रेलरमधून माल घेऊन चाललेल्या एका माणसाच्या मृत्यूबद्दल विमा कंपनी जबाबदार नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. अर्थ उघड आहे : लग्नाचें वऱ्हाड किंवा खुरपणीच्या बाया ट्रॉलींत भरल्या आणि ती उलटली, तर सारा बोजा ट्रॅक्टरच्या मालकावर पडण्याचा संभव असतो. न्यायाधिकरणाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. ही वसुली कशी होते हें शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावें असें नाहीं.

तिसरी गोष्ट मजुरांची. कामगार भरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व त्यांतील तरतुदी आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतल्या आहेत. त्यांत मालकाची चूक शाबीत करावी लागत नाहीं. काम करतांना व कामामुळें अपघात झाला एवढें पुरें होतें. हातानें होणारी सर्व शेतमजुरी त्या यादींत नाहीं. पण ट्रॅक्टरनें अथवा विजेच्या यंत्रानें होणारी शेती, यंत्रावरील कापणी व मळणी, विंधनविहिरींचें काम आणि कीटकनाशकांची फवारणी हीं कामें त्यांत आहेत. मयताच्या मासिक मजुरीचा निम्मा भाग घेऊन त्यास वयाच्या आंकड्यानें गुणावयाचें. चाळीस वर्षें वयास तो आंकडा १८४.१७ आहे, म्हणजे बारा हजार मजुरीच्या माणसाच्या घरास अकरा लक्ष पांच हजार वीस रुपये होतात. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसहून अधिक माणसें विषबाधेनें मेलीं. त्यांच्या घरच्यांस सरकारनें दोन दोन लाख दिले. त्यांतील दोघी विधवांनीं व वांचलेल्या एका शेतकऱ्यानें २०२० सालीं स्वित्झर्लंडमध्यें बासेल येथें औषध कंपनीवर दावा लावला. यवतमाळच्या विधवेस बासेलपर्यंत जावें लागतें, यावरूनच हक्क कागदावर असणें व पदरांत पडणें यांतील अंतर दिसून येतें.

असे प्रसंग घडले म्हणजे गांवांत बैठक बसते. चार प्रतिष्ठित जमतात, मालक पन्नास हजार किंवा लाखभर रुपये देतो, विधवेचा अंगठा कोऱ्या अथवा लिहिलेल्या कागदावर घेतला जातो व ‘प्रकरण मिटलें’ असें ठरतें. गांवचा सलोखा राहावा ही इच्छा वाईट नाहीं. परंतु मजुराच्या मृत्यूची भरपाई परस्पर वारसाच्या हातीं देणें, ही कायद्याच्या दृष्टीनें फेडच नव्हे. ती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते व तो वारसांत वांटून देतो. वारसाच्या हातीं दिलेल्या पैशांपैकीं तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल तेवढी वजा होऊं शकते. म्हणजे असा मालक दुहेरी फसतो : पैसेहि जातात व देणेंहि उभें राहतें, आणि महिन्याभरांत रक्कम जमा केली नाहीं तर त्यावर शेंकडा बारा व्याज व सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड. विधवेच्या बाजूनें पाहतां ही अट तिच्या रक्षणासाठींच आहे, कारण बैठकींत तिच्या वतीनें बोलणारे तिचे दीर, भावकी व गांवकरी यांचे हितसंबंध नेहमीं तिचेच असतात असें नाहीं.

घरावर असा प्रसंग आल्यास पहिल्या आठवड्यांतच कांहीं गोष्टी कोणी तरी शांत डोक्याच्या माणसानें अंगावर घ्याव्या. शवविच्छेदन टाळूं नये. ‘मातीची विटंबना नको’ म्हणून तें टाळलेल्या घरांस पुढें मृत्यूचें कारणच सिद्ध करतां येत नाहीं. फिर्यादीची, पंचनाम्याची व शवविच्छेदनाच्या अहवालाची नक्कल घ्यावी. जागेचीं छायाचित्रें तार उचलण्यापूर्वीं, वाहन हलविण्यापूर्वीं काढावीं. कोऱ्या कागदावर कोणीहि सही अगर अंगठा करूं नये. वकिलास ‘मिळालेल्यांत निम्मे’ असें कबूल करण्याचें कारण नाहीं. तसला ठराव वकिलांस नियमानेंच मना आहे. स्त्रियांस, मुलांस व अनुसूचित जातिजमातींच्या माणसांस, त्यांचें उत्पन्न कितीहि असलें तरी, १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें फुकट वकील मिळतो, व त्याकरितां तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

निकाल लागल्यावर रक्कम एकदम हातीं न देतां अज्ञान मुलांचा हिस्सा तीं सज्ञान होईपर्यंत बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवण्याचा हुकूम न्यायाधिकरणें करतात. निरक्षर विधवेच्या रकमेसहि तीच खबरदारी घेण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयानें दिलेली आहे. ठेवीचें व्याज दरमहा अगर ठराविक मुदतीनें काढतां येतें. आणि मुलीचें शिक्षण, आजारपण, विहिरीची दुरुस्ती अशा खऱ्या गरजेकरितां मुदतीपूर्वीं कांहीं रक्कम हवी असल्यास त्याच न्यायाधिकरणाकडे कारण दाखवून अर्ज करतां येतो.